न सापडलेल्या शब्दांची यादी

(रविवार, सकाळचे पावणेआठ. मनिषा नांदेडला आपल्या घरात, लॅपटॉपसमोर. निवृत्त भूगोल शिक्षक व्यंकटराव लातूरला, घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. दोघं लातूरच्या एका खाजगी क्लासच्या वेबसाइटचं काम करतात. फोनवर.)

मनिषा : ते राहू द्या सर. मी बरी आहे, आईपण बरी आहे, फळीवरची भांडी पडली तेवढीच. मला एवढंच सांगा, बसलिंगप्पा कोण?

व्यंकटराव : कोण?

मनिषा : बसलिंगप्पा. आपल्या क्लासमध्ये ह्या नावाचं कोणी आहे का? शिकवणारे, ऑफिसातले, कोणीही.

व्यंकटराव : अगं, जमीन हालून कुठं अर्धा तास झालाय. अख्खी गल्ली रस्त्यावर उभी आहे, मी बिनचपलेचा प्लॉटात उभा आहे, आणि तू मला माणसांची नावं विचारून राहिलीस?

मनिषा : सर, सांगा ना.

व्यंकटराव : वॉचमन आहे तो. मुलींच्या चार नंबर वसतिगृहाचा. उदगीरकडचा माणूस आहे, गरीब आहे. काय केलं त्यानं?

मनिषा : त्यानं काय केलं माहीत नाही. यादीत आलाय.

व्यंकटराव : कुठल्या यादीत?

मनिषा : आपल्या. न सापडलेल्या शब्दांच्या. सात वाजून एकोणीस मिनिटांनी कुणीतरी क्लासच्या वेबसाइटवर, सर्चच्या चौकटीत, 'बसलिंगप्पा काका' असं टाकलं. वेबसाइटनं सांगितलं, असं काही सापडलं नाही. आजच्या यादीत तेवढा एकच शब्द आहे.

व्यंकटराव : एकच? मग चांगलंच झालं की! दोन वर्षांमागं रोज तीन-तीन हजार शब्द सापडायचे नाहीत. पोरगं टाकायचं 'पाणी वर कसं चढतं', आणि अकरा हजार व्हिडिओंतला एक सापडायचा नाही, कारण पुस्तकात केशाकर्षण लिहिलेलं. पोरं काय म्हणतात ते मी कागदावर लिहून दिलं, तू ते आत भरलंस, आणि आज बघ...

मनिषा : सर, तेच सांगून राहिले मी. तेच चुकलं आपलं.

व्यंकटराव : काय चुकलं?

मनिषा : ते नाव बघितलं, हा काही धड्यातला शब्द नाही. म्हणून मी पूर्ण नोंद उघडली, सापडलेल्या शब्दांचीसुद्धा. ती रोज कोण बघतं? सापडलं म्हणजे झालं. सात चौदाला हादरा बसला. सात पंधरापासून चार नंबरच्या टॅबवरून दोनशेच्या वर सर्च झालेत. वाचू?

व्यंकटराव : वाच.

मनिषा : 'हालतंय.' 'हालतंय.' 'बिल्डिंग हालतंय.' 'गदगदतंय.' 'भूकंप झाला का.' त्यांना आपण काय दाखवलं माहीत आहे? नववीचा भूगोल, भूकंपलहरींचे प्रकार, बावीस मिनिटांचा व्हिडिओ. पुढं वाचते. 'कुलूप.' 'कुलूप कसं तोडायचं.' 'चावी कोणाकडं आहे.' त्यांना एन्झाइमचा धडा दिला आपण, कुलूप-किल्लीवाला. 'दार उघडा', एकवीस वेळा. त्यांना हृदयाच्या झडपा.

व्यंकटराव : थांब जरा. थांब.

मनिषा : सगळ्याला काही ना काही सापडलं सर. म्हणून यादीत आलंच नाही. मी साडेसातला यादी उघडली, एकच शब्द दिसला, खूश झाले आणि चहा ठेवला. त्या पोरीनं वॉचमनचं नाव टाकलं नसतं तर मी चहा पिऊन दुसऱ्या कामाला लागले असते.

व्यंकटराव : पण कुलूप कशाला असेल? ह्या वेळेला पोरी नाश्त्याला खाली असतात.

मनिषा : आज चाचणी आहे ना दहाला. चाचणीच्या दिवशी सहापासून अभ्यासिका, तिसऱ्या मजल्यावर. आणि अभ्यासिका सुरू झाली की चॅनल गेटला बाहेरून कुलूप. पोरी उठून जाऊ नयेत म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं?

व्यंकटराव : माहीत होतं. पालकच म्हणतात, कुलूप लावा. फोन तर काढूनच घेतात त्यांचे.

मनिषा : हाव. आणि टॅबमध्ये सिम आहे, पण आपली वेबसाइट सोडून काही उघडत नाही. मेसेज नाही, कॉल नाही. सर्चच्या चौकटीशिवाय त्यांना लिहायला जागाच नाही सर. त्या आपल्यालाच हाका मारून राहिल्या, आणि आपण धडे दाखवून राहिलो.

व्यंकटराव : किती आहेत आत?

मनिषा : सेहेचाळीस टॅब चालू आहेत.

व्यंकटराव : ऑफिसला लाव. क्लास चालवणाऱ्या श्रीनाथ सरांना लाव.

मनिषा : लावला, बंद आहे. वॉर्डन प्रमोदिनी मॅडम देगलूरला लग्नाला गेल्यात, त्यांना इथलं काहीच माहीत नाही. अग्निशमनवाल्यांचा लागतच नाही. पोलिसांचा एकदा लागला, नोंद घेतली म्हणाले, गाडी मोकळी झाली की पाठवतो. सर, तुम्ही तिथून पाच मिनिटांवर आहात. ... सर? ऐकू येतंय का?

व्यंकटराव : येतंय.

मनिषा : मग?

व्यंकटराव : जातो. जाऊन खालून बघतो. एखादं तरणं माणूस गाठतो आणि त्याला वर पाठवतो.

मनिषा : चालत चालत बोला सर. फोन ठेवू नका. मला पण लई भीती वाटून राहिली.

व्यंकटराव : तू कुठं आहेस? घरात बसून बोलतेस काय?

मनिषा : घरातच.

व्यंकटराव : बाहेर पड आधी! एक धक्का बसला की मागून दुसरा येतो, एवढं शिकवलेलं विसरलीस?

मनिषा : वायफाय अंगणात पोचत नाही सर. आई बाहेरून हाका मारून राहिली, रडून राहिली, पण मी उठले तर नोंद दिसणार नाही. भिंतीला तडा गेलाय, मी तिकडं बघतच नाही.

व्यंकटराव : आणि मला वाटलं तू भित्री आहेस.

मनिषा : आहेच. सर, मला एक सुचलं. निकालांच्या वर एक पट्टी असते बघा, 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असं येतं ती. तिच्यात मी काहीही लिहू शकते. चार नंबरच्या टॅबवर कोणी कुठलाही शब्द शोधला तरी आधी तेच दिसेल. ऑफिसला न विचारता केलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. काय लिहू? 'घाबरू नका' लिहू?

व्यंकटराव : ते नको.

मनिषा : का?

व्यंकटराव : घाबरू नका म्हणणारं माणूस लांब उभं असतं. त्र्याण्णवला लई ऐकलंय ते मी. तू लिही, खिडकीपासून लांब व्हा, बाकाखाली शिरा, डोकं झाका. आणि लिही, गेट उघडायला माणूस निघालाय. कोण येतंय आणि कुठवर आलंय, तेवढंच लिही.

मनिषा : लिहिलं. ... सर, बघितलं त्यांनी. लगेच शब्द येऊन राहिले. 'कोण आहे.' 'तुम्ही कोण.' 'खरंच का.' 'माझ्या पप्पांना फोन करा.' एकीनं आपला पूर्ण पत्ता लिहिलाय, देवणी तालुका, गाव, पप्पांचं नाव. सर, ही पत्ता का लिहून राहिली?

व्यंकटराव : उगंच लिहीत नाही कोणी. तू वाचत राहा. मी गल्लीत आलोय. इथं तर चिटपाखरू नाही. समोर मेसच्या शेडपाशी एक बाई आहे. धुरपताबाई! अहो धुरपताबाई!

धुरपताबाई : कोन? सर व्हय? अनवाणी कुटं निघालाव?

व्यंकटराव : पोरी कुठं आहेत?

धुरपताबाई : पोरी मैदानाकडं गेल्या असतील की वॉचमनसंगं. समदी गल्ली तिकडंच पळाली. म्या गॅस बंद करून आत्ता इथं येऊन बसले.

व्यंकटराव : तुम्ही डोळ्यांनी बघितल्या का त्यांना जाताना?

धुरपताबाई : न्हाई. म्या शेडमधी होते. बसलिंगप्पाला बगितलं. लेकरं लेकरं करीत पळाला तो, घराकडं. त्याची दोन बारकी लेकरं हाईत, आन् बायको माहेरी गेलीय त्याची.

व्यंकटराव : आणि चावी?

धुरपताबाई : चावी त्याच्या करदोड्याला असतीय.

मनिषा : सर, फोन स्पीकरवर टाका. मावशी, मी मनिषा बोलते, क्लासच्या वेबसाइटचं काम करते ती. पोरी वरच आहेत. अभ्यासिकेत. कुलूप लावलेलं आहे.

धुरपताबाई : अगं माय माय माय! आन् म्या पोह्यावर झाकन ठिवून बसले! मला ओरडल्याचा आवाज आलता गं, पर समदी गल्लीच ओरडत हुती. वरच्या काचा काळ्या हाईत, बंद असत्यात, एसीच्या. चला, म्या येते वर.

व्यंकटराव : तुम्ही नाही. तुमचे गुडघे बघा. एखादा गडी बोलवा कुठून तरी.

धुरपताबाई : कुटला गडी? दोघं जन आलते मगाशी, जिन्याची भेग बगितली आन् म्हनले, ही बिल्डिंग काय खरी न्हाई. गेले निघून. त्यांना तरी कुटं ठावं हुतं आत पोरी हाईत म्हनून.

मनिषा : भेग केवढी आहे सर?

व्यंकटराव : दिसून राहिली. पहिल्या वळणापासून वर गेलीय. बोट जाईल एवढी.

मनिषा : 'गुदमरतंय.' 'लाईट गेली.' 'परत हालणार का.' सर, त्या विचारून राहिल्या, परत हालणार का. काय सांगू?

व्यंकटराव : धुरपताबाई, शेजारी बांधकाम चालू आहे ना? पहार असेल तिथं. आणा.

धुरपताबाई : आनते.

मनिषा : सर, तुम्ही जाणार?

व्यंकटराव : मला जिना चढून तीस वर्षं झाली. पहिला मजलासुद्धा न्हाई. माहीत आहे तुला?

मनिषा : नाही. तुम्ही यादी द्यायला नेहमी खालीच बोलवायचा, चहाच्या टपरीवर. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मला वाटायचं गुडघे दुखत असतील.

व्यंकटराव : गुडघे चांगले आहेत. मी पत्र्याखाली राहतो, पत्र्याखाली झोपतो. बँकेचं काम असलं तर बँक खाली असलेली बघतो. भावाच्या पोराचं लग्न वरच्या हॉलमध्ये होतं, मी अक्षता रस्त्यात उभं राहून टाकल्या.

धुरपताबाई : ही घ्या पहार. जड हाय. सर, खरंच म्या येते की वो.

व्यंकटराव : तुम्ही दारात थांबा. पोरी उतरतील तशा मोजा, रोज ताटं मोजता तशा. आणि एकीलाही भिंतीच्या कडंला थांबू देऊ नका. मनिषा, लिही. सर जिन्यापाशी आले.

मनिषा : लिहिलं. विचारतात, 'कोणते सर.'

व्यंकटराव : भूगोलाचे.

मनिषा : 'आम्हाला भूगोल नाही.'

व्यंकटराव : खरं आहे त्यांचं. लिही, म्हातारे आहेत, पांढरा शर्ट आहे, हातात पहार आहे. ... पहिला मजला. लिही.

मनिषा : सर पहिल्या मजल्यावर. लिहिलं. ... सर, तुमच्या पायांचा आवाज येत होता, आता येत नाही.

व्यंकटराव : थांबलोय.

मनिषा : दम लागला का?

व्यंकटराव : पाय उचलंना. बसलोय मी पायरीवर. भिंतीला हात लावला होता आधाराला, हाताला चुना लागला आणि बसलो. ही भेग अगदी कानाशी आहे माझ्या.

मनिषा : सर...

व्यंकटराव : तुला एक सांगतो. कोणाला सांगितलेलं नाही. तेरणेच्या काठाला गाव होतं, मी तिथल्या शाळेत होतो. विसर्जनाची रात्र. पोरगा सहा वर्षांचा, म्हणाला मी येतो गणपतीला. म्हणलं झोप, ताप आहे तुला. तो ऐकणारा नव्हता, उठून मागं यायचा. म्हणून निघताना मी बाहेरून कडी घातली. त्याची आई आत झोपली होती, तिला उठवलं नाही.

मनिषा : सर, आत्ता नका आठवू.

व्यंकटराव : आत्ताच आठवणार की. मिरवणूक संपून आम्ही वेशीत होतो तेव्हा झालं ते. धावत आलो. भिंत नव्हती. एकही भिंत नव्हती, मनिषा. नुसती चौकट उभी, आणि त्यात दार, आणि दाराला मी घातलेली कडी. माणूस बाजूनं आत गेला असता. मी कडी काढली आणि दारातून आत गेलो. लोक म्हणाले, दोन-दोन हात जाड दगडाची भिंत, कडी नसती तरी काय झालं असतं. बरोबर आहे त्यांचं. मी भूगोल शिकवतो, मला कळत नाही का? पण तापातलं पोरगं हलकं झोपतं. तो आधी उठला असेल. दारापाशी आला असेल. तेवढं काही मला कोणी सांगू शकलं नाही.

मनिषा : भूकंपाला तुम्ही एकतीस शब्द दिले होते सर. दुसऱ्या कुठल्याच धड्याला इतके नव्हते. मी विचारलं होतं, पोरं इतके शब्द खरंच वापरतात का. तुम्ही म्हणालात, वापरतात.

व्यंकटराव : माणसं वापरतात. ढिगाऱ्याखालून आलेले शब्द आहेत त्यातले काही. मला वाटलं, निदान वेबसाइटला तरी ते कळले पाहिजेत. आणि बघ, कळले. पोरींना धडा दाखवला.

मनिषा : शब्द येऊनच राहिलेत सर.

व्यंकटराव : त्या काय लिहून राहिल्या ते वाच.

मनिषा : 'सर कुठपर्यंत आले.' 'सर कुठपर्यंत आले.' सगळ्या तेच विचारून राहिल्या. एकीनं लिहिलंय, 'परत गेले का.'

व्यंकटराव : काय लिहिणार आहेस?

मनिषा : दम खातायत म्हणून लिहिते.

व्यंकटराव : खोटं नको. लिही, सर जिन्यात बसलेत. त्यांना भीती वाटून राहिली. पण येणार आहेत.

मनिषा : असं लिहू? त्या अजून घाबरतील.

व्यंकटराव : लिही तू.

मनिषा : ... लिहिलं. ... सर.

व्यंकटराव : काय म्हणतात?

मनिषा : 'आम्हाला पण.' तिघींनी तेच लिहिलंय. आणि एक म्हणते, 'कठडा धरू नका, भिंतीकडं पण बघू नका, पायऱ्या मोजा. मजल्याला अठरा आहेत.'

व्यंकटराव : अठरा. बरं. सहा झाल्या असतील माझ्या. सात. आठ. तू बोलू नको मध्ये. ... अठरा. दुसरा मजला.

मनिषा : लिहिलं.

व्यंकटराव : इथं प्लॅस्टर पडलंय, पायाला टोचतंय. नऊ. दहा. आवाज येऊन राहिले त्यांचे. ऐकू येतंय तुला?

मनिषा : येतंय सर. येतंय!

व्यंकटराव : ए पोरींनो! मागं व्हा, सगळ्या मागं व्हा! हात काढा गेटमधून! ... मनिषा, कुलूप मोठं आहे. हे काय माझ्याच्यानं तुटत न्हाई.

धुरपताबाई : सर! खालून वरडते, ऐकू येतंय का? कुलपाला मारू नगा! कोंड्यात घाला पहार, कोंड्यात! कोंडा नुसता दोन टाक्यांवर वेल्डिंग केलाय, म्या बगितलंय!

व्यंकटराव : कोंड्यात घातली. ए बाळ, तू, उंच आहेस ती, आणि तू, दोघी आतून गेट तुमच्याकडं ओढा. मी म्हणलं की ओढा. ओढा! अजून! ... एक टाका गेला. परत. ओढा!

मनिषा : सर? तो कसला आवाज झाला? सर!

व्यंकटराव : उघडलं. उघडलं, मनिषा. पळू नका! पळायचं न्हाई, एकीमागं एक, मधल्या बाजूनं उतरा, भिंतीला हात लावू नका! टॅब कशाला घेतलेत, टाका ते! उतरा, उतरा, उतरा.

धुरपताबाई : या गं बायांनो, या. एक, दोन, तीन. रडू नगंस, तिकडं मैदानाकडं चल. पाच. सात. चपला राहू दी वर! अकरा, बारा...

मनिषा : सर, तुम्हीपण उतरा त्यांच्यासंगं. सगळ्यात मागं थांबू नका.

व्यंकटराव : उतरून राहिलो. मागं कोणी न्हाई. हॉल रिकामा दिसला. लाईट नाही आत, पण रिकामा दिसला.

धुरपताबाई : चाळीस. एकेचाळीस. ह्या दोघी, त्रेचाळीस. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. आन् ह्ये सर.

व्यंकटराव : बसतो मी इथंच. पाणी असलं तर द्या.

धुरपताबाई : पंचेचाळीस भरल्या सर.

व्यंकटराव : सेहेचाळीस पाहिजेत.

धुरपताबाई : माझी मोजदाद चुकत न्हाई. एक पोह्याची ताटली कवा कमी-जास्त झाली न्हाई माझी.

मनिषा : सर. नोंदीत आत्ता एक शब्द आला.

व्यंकटराव : टॅब वरच राहिलेत सगळे. धक्का लागून काहीतरी टाइप झालं असेल.

मनिषा : नाही सर. टॅब नऊ. ह्या टॅबवरून सकाळपासून एकही शब्द आला नव्हता. आत्ता पहिल्यांदा आलाय. 'सगळ्या गेल्या का.'

व्यंकटराव : मी आत जाऊन बघायला पाहिजे होतं. उंबऱ्यावरनंच बघितलं मी. आत शिरलोच न्हाई. मला वाटलं, सुटलो.

धुरपताबाई : आगं आई! हाललं! परत हाललं! पोरींनो खाली बसा, खाली बसा! देवा, देवा!

मनिषा : इथं पण! आई, येते मी, थोडं थांब! सर! सर, बोला!

व्यंकटराव : आहे. आहे मी. थांबलं वाटतं. जिन्यातून धूळ येऊन राहिली.

धुरपताबाई : सर, म्या जाते आता. तुमी इथंच बसा, पानी प्या. माजे गुडघे गेले तर जाऊ द्या.

व्यंकटराव : मनिषा, काही आलं का तिच्याकडनं?

मनिषा : नाही. ... आलं. आलं सर. 'पाय हालत नाहीत.'

व्यंकटराव : काही पडलंय का तिच्या पायावर?

मनिषा : विचारलं. 'काही नाही पडलं. हालतच नाहीत.'

व्यंकटराव : माझं झालं होतं तसं.

मनिषा : पट्टीत आधी 'सर तिसऱ्या मजल्यावर' असंच होतं. तिला वाटत असेल तुम्ही तिथंच उभे आहात. काय लिहू मी? सर, मला सांगा ना काय लिहू.

व्यंकटराव : थोडा वेळ दे मला.

मनिषा : किती?

व्यंकटराव : दिलास. झाला. धुरपताबाई, हे पाणी धरा. मनिषा, लिही, सर खाली गेले होते, परत निघालेत. ह्या खेपेला मजले सांगत बसणार न्हाई मी, तोंड कोरडं पडलंय. तू आपली 'येतायत' म्हणून लिहीत राहा.

मनिषा : 'येतायत.' 'सर येतायत.' तुझं नाव काय म्हणून विचारलं तिला. अजून उत्तर नाही. 'येतायत.' सर, पायऱ्या मोजा. मोठ्यानं मोजा, मला ऐकू दे.

व्यंकटराव : ... सोळा. सतरा. अठरा. एक. दोन...

मनिषा : 'मुग्धा' लिहिलंय तिनं. मुग्धा नाव आहे सर!

व्यंकटराव : आठ. नऊ. मुग्धा! ए मुग्धा बाळ! आवाज दे! ... तेरा. चौदा.

मनिषा : 'येतायत.' मुग्धा, येतायत. मी पण बोलतेच आहे बघा, तिला काय ऐकू येणार. 'येतायत.'

व्यंकटराव : आत आलो. दिसत न्हाई काही. कुठं आहेस? ... एक उजेड दिसतोय खाली, टॅबचा. शेवटच्या बाकाखाली आहे. मुग्धा. हे बघ, मी आलो. मीच तो, पहारवाला. सरक जरा, मला पण बसू दे. मला पण जरा बसू दे तुझ्यापाशी.

मनिषा : सर, चौकट रिकामी आहे. ती काही लिहून नाही राहिली. एक मिनिट झालं. काय झालं? लिहू का अजून काही?

व्यंकटराव : नको, मनिषा. आता काही लिहू नको. टॅब खाली टाकलाय तिनं. दोन्ही हातांनी मला धरलंय, आणि मी तिला.